लातूरची गंजगोलाई

गंजगोलाई ही लातूर शहराच्या मध्यभागी असलेली वर्तुळाकार बाजारपेठ. मधोमध अंबाबाईचे मंदिर, त्याभोवती दुमजली गोल इमारत आणि तिच्यापासून चहूबाजूंना निघालेले 16 रस्ते, अशी तिची रचना आहे. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा मानला जातो. मुख्य इमारतीच्या बांधकामाचे वर्ष 1917 असे नोंदले जाते.

त्या काळी लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, उस्मानाबाद जिल्ह्यात होते. गावाच्या वाढीला कारण ठरली रेल्वे. 2 फूट 6 इंच रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि 1911 साली लातूरला पोचली. कुर्डुवाडीला ती मुंबईच्या मुख्य लोहमार्गाला मिळत असल्याने लातूर भागातील शेतमालाला मोठ्या पेठा खुल्या झाल्या. बाजार वाढला, तशी त्याला शिस्तीची गरज भासू लागली. नगररचनेचा विचारही संस्थानात याच सुमारास मूळ धरत होता. 1908 च्या मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाल्यावर 1912 साली तेथे शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले होते.

गोलाईची मांडणी व्यापाराच्या सोयीची आहे. कोणत्याही दिशेने येणारा रस्ता मध्यावर पोचतो. आलेल्या गाडीला मागे फिरावे लागत नाही. गोलाला वळसा घालून हव्या त्या रस्त्याने ती बाहेर पडते. रस्त्यांवर व्यवसायही वाटले गेले. सराफ लाइन, कापड लाइन, भुसार लाइन ही नावे लातूरकरांच्या तोंडी आहेत. पारंपरिक चपला, मिरची, गूळ यांचीही दुकाने या रस्त्यांवर आहेत. एकाच मालाची दुकाने शेजारी असल्याने गिऱ्हाइकाला भाव ताडून पाहता येतो. देवीच्या मंदिरामुळे नवरात्रात पेठेला उत्सवाचे रूप येते.

अशाच वर्तुळाकार रचनेच्या, दिल्लीच्या कॅनॉट प्लेस या बाजारपेठेचे काम 1929 साली सुरू झाले. 1917 हे वर्ष धरले, तर लातूरची वर्तुळाकार पेठ त्याच्याही आधीची ठरते.

16 ऑगस्ट 1982 रोजी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. शेतमालाचे घाऊक सौदे आता बाजार समितीच्या मार्केट यार्डात होतात, किरकोळ व्यापार मात्र गोलाईभोवतीच टिकून आहे. बैलगाड्यांच्या काळात आखलेल्या या रस्त्यांवर आज मोटारींची कोंडी होते. तरीही मराठवाड्यातील आखीव बाजारपेठेचा गंजगोलाईइतका ठळक नमुना क्वचितच सापडेल.