तळटीप : परागातील पुंपेशी

वरील उताऱ्यात पुंपेशींना 'निद्रिस्त प्रवासी' म्हटले आहे. पूर्वी समज तसाच होता, पण आता ते वर्णन टिकत नाही. लिलीचा पुंकेसर बोटावर पुसला की तांबूस पूड चिकटते. तिच्या प्रत्येक कणात एका मोठ्या पेशीच्या पोटात दुसरी इवलीशी पेशी असते. तिचेच विभाजन होऊन दोन पुंपेशी बनतात : लिलीत परागनलिकेत, मक्यात परागकणातच. त्यांच्या केंद्रकातील डीएनए इतका घट्ट आवळलेला असतो, की जनुके मुकीच असावीत असे वाटे. पण २००३ मध्ये मक्याच्या पुंपेशींत नाना प्रकारचे संदेशवाहक आरएनए सापडले, म्हणजे जनुके मुकी नव्हती. मग अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपात 'ड्युओ-१' हे जनुक हाती लागले. ते बिघडले तर विभाजन अडते आणि दोनाऐवजी एकच पेशी उरते. मला सर्वांत विलक्षण वाटते ते २००६ मध्ये लिलीत सापडलेले 'जीसीएस-१'. त्याच्या प्रथिनाविना पुंपेशी अंडपेशीपर्यंत पोहोचते, पण तिच्याशी एकरूप होत नाही. याच जनुकाचा भाईबंद हिवतापाच्या परजीवीतही आहे, आणि तिथेही त्याचे काम तेच. — संपा.