संहती आणि सक्रियता : एका फरकाचा इतिहास

वर्ध्याजवळचे सेवाग्राम पूर्वी सेगाव या नावाने ओळखले जाई. १९३६ साली गांधीजी तेथे राहायला आले आणि गावात टपालाचा ओघ सुरू झाला. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव आणि हे सेगाव यांची नावे इतकी सारखी, की पत्रे भलतीकडे जात. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. रसायनशास्त्रात दोन राशींच्या बाबतीत असाच घोटाळा झाला होता. तेथे वेगळे नाव मिळायला चाळीस वर्षे लागली.

नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये रासायनिक समतोलाचा नियम मांडला. अभिक्रियेचा जोर पदार्थाच्या एकूण वजनावर नव्हे, तर त्याच्या ‘सक्रिय वस्तुमाना’वर अवलंबून असतो, असे त्यांनी १८६७ मध्ये म्हटले. हे सक्रिय वस्तुमान मोजायचे कसे? एकक आकारमानात असलेले पदार्थाचे प्रमाण, म्हणजेच संहती, त्यांनी त्यासाठी घेतली. आपण वर्गात समतोल स्थिरांक लिहिताना चौकटी कंसात संहती लिहितो, ती याच परंपरेतून.

विरल वायू व कमकुवत आम्ले यांच्या बाबतीत ही रीत छान चालली. ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये ॲसेटिक आम्लाच्या विचरणाला ती लावली, तेव्हा द्रावण कितीही विरल केले तरी स्थिरांक जवळजवळ तोच आला. पण हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा पोटॅशिअम क्लोराइड घेतले, की संहतीगणिक ‘स्थिरांक’ बदलू लागे! नियम चुकीचा, की त्यात घातलेली राशी चुकीची?

याचे उत्तर अमेरिकेतील गिल्बर्ट लुईस यांनी दिले. वायूंची निसटून जाण्याची प्रवृत्ती मोजणारी एक राशी त्यांनी १९०१ मध्ये सुचवली होती. १९०७ मध्ये त्यांनी ‘सक्रियता’ ही कल्पना मांडली. समतोलाच्या समीकरणात सक्रियता घातली, तर स्थिरांक खरोखर स्थिर राहतो. संहती म्हणजे द्रावणात पदार्थ किती आहे. सक्रियता म्हणजे त्याचा प्रभाव किती पडतो. संहतीला ज्या संख्येने गुणले असता सक्रियता मिळते, तो सक्रियता गुणांक. अतिशय विरल द्रावणात तो १ च्या जवळ असतो. ओस्टवाल्ड यांचे आम्ल कमकुवत होते, द्रावणात आयन थोडे होते, म्हणून फरक दिसला नाही.

गुणांक १ पेक्षा कमी का होतो? कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये धाडसी कल्पना मांडली : तीव्र विद्युत् अपघटनी द्रावणात पूर्णपणे आयनरूपात असतात आणि आयनांमधील विद्युत् आकर्षणामुळे त्यांचा प्रभाव घटतो. आयन स्फटिकातल्यासारखे ठरावीक जागी असतात, हे त्यांचे गृहीत मात्र टिकले नाही. १९२३ मध्ये झुरिकच्या डिबाय आणि ह्यूकेल यांनी आयनांची सततची धावपळ हिशेबात घेतली. प्रत्येक धन आयनाभोवती सरासरीने ऋण आयन थोडे अधिक असतात. या ढगामुळे त्याची ऊर्जा कमी होते. घोष यांच्या सूत्रात संहतीचे घनमूळ होते, नव्या सूत्रात वर्गमूळ आले. विरल द्रावणांत ते प्रयोगाशी जुळले. लुईस आणि रँडल यांनी १९२१ मध्ये दाखवले होते, की गुणांक ठरतो तो द्रावणातील सर्व आयनांच्या एकत्रित परिणामावरून, म्हणजे ‘आयनिक तीव्रते’वरून. यात आयनावरील प्रभाराचा वर्ग येतो, म्हणून कॅल्शिअमसारख्या दोन प्रभारांच्या आयनाचे वजन जास्त पडते.

आपल्या ओळखीचा सामू, म्हणजे पीएच, याच वाटेने गेला. डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये तो हायड्रोजन आयनांच्या संहतीवरून ठरवला. १९२४ मध्ये सक्रियतेवर आधारलेली व्याख्या पुढे आली. लिटरला ०.१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल असेल, तर वहीत पीएच १ येतो, पण मापक सुमारे १.१ दाखवतो. येथे मापक बिघडलेला नसतो.

हा फरक पुस्तकापुरता नाही. वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. त्याने दातांवर डाग पडतात, पुढे हाडेही जायबंदी होतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा असून दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत सूट आहे. कॅल्शिअम फ्लोराइड फारसे विरघळत नाही, त्यामुळे पाण्यातील कॅल्शिअम फ्लोराइडला लगाम घालते. पण किती? विद्राव्यता-गुणाकार सुमारे ३.५ गुणिले १० चा उणे ११ वा घात आणि कॅल्शिअम लिटरला ४० मिलिग्रॅम (१ मिलिमोल) धरू. केवळ संहतीने हिशेब केला, तर फ्लोराइड लिटरला सुमारे ३.५ मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते. आता पाण्यातील इतर क्षारांमुळे आयनिक तीव्रता ०.०१ आहे असे घ्या. कॅल्शिअमचा गुणांक ०.६५ आणि फ्लोराइडचा ०.९० येतो; तेवढ्याने मर्यादा ४.९ मिलिग्रॅमवर जाते. सोडियम बायकार्बोनेट पाण्यात असले, तर ते या अभिक्रियेत थेट भाग न घेताही जास्त फ्लोराइडला वाट देते.

मोजणीतही तेच. फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ मध्ये लँथॅनम फ्लोराइडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड बनवला. तो मुक्त फ्लोराइड आयनांची सक्रियता ओळखतो, आपल्याला मात्र पिणाऱ्याच्या पोटात जाणारे एकूण फ्लोराइड हवे असते. म्हणून नमुना आणि प्रमाण द्रावण या दोहोंत एकच क्षारयुक्त द्रावण मिसळतात, म्हणजे गुणांक दोन्हीकडे सारखा होतो. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी वापरतात. तिच्यातील ॲल्युमिनिअम पाण्यात उरले, तर ते फ्लोराइडला बांधून ठेवते. मिसळायच्या द्रावणात ते सोडवणारा घटक नसेल, तर आकडा कमी दिसेल आणि अयोग्य पाणी योग्य ठरेल.

वर्गात हा फरक दाखवता येतो. फेरिक क्लोराइड आणि पोटॅशिअम थायोसायनेट यांचे फिकट लाल द्रावण दोन परीक्षानळ्यांत सारखे घ्या. एकीत पोटॅशिअम नायट्रेटचे थोडे स्फटिक विरघळवा. विरघळताना द्रावण थंड होते, म्हणून दोन्ही नळ्या सारख्या तापमानाला येऊ द्या, मग पांढऱ्या कागदासमोर धरा. क्षार घातलेली नळी फिकट दिसेल. रंग देणाऱ्या अभिक्रियेत नायट्रेटही नाही आणि पोटॅशिअमही नाही, मग समतोल सरकला कसा, हे मुलांनाच विचारा. चौकटी कंसातील संहतीवरून याचे उत्तर मिळणार नाही.