इंदूरची एक दिवाळी

पॅट्रिक गेडीस यांचें नांव आपल्याकडील सुशिक्षितांस ठाऊक असतें तें मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून. १९१९ सालीं त्यांनीं तें पद स्वीकारलें. परंतु त्यांची खरी थोरवी आम्हांस त्यापूर्वीं दोन वर्षें, इंदूरच्या रस्त्यावर दिसते.

गेडीस मूळचे जीवशास्त्रज्ञ, हक्स्लेचे शिष्य. १८७९ सालीं मेक्सिकोंत त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली, सूक्ष्मदर्शकाचें काम दुरावलें, आणि सजीवांकडे पाहण्याची तीच नजर त्यांनीं पुढें शहरांकडे वळविली. शहर म्हणजे घरांची रास नव्हे. नदी, तळीं, झाडें, गुरें आणि माणसें मिळून झालेला तो एक देह आहे, ही त्यांची धारणा. १९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले तेव्हां हिंवतापाच्या भयानें तळीं बुजविण्याकडे अधिकाऱ्यांचा कल होता. गेडीसांचें म्हणणें, तळें बुजवूं नका. त्यांत मासे सोडा, बदकें ठेवा. डांसांच्या अळ्या तीं खातील आणि पाण्याचा गारवा शहरास राहील. उपाय फार स्वस्त होता. कदाचित् म्हणूनच तो कित्येकांस शास्त्रीय वाटला नसावा.

१९१७ सालीं ते इंदुरांत होते. होळकर दरबारासाठीं त्यांस नगररचनेचा आराखडा करावयाचा होता, आणि शहरांत प्लेग होता. प्लेग म्हटला कीं मराठी माणसास १८९७ चें पुणें आठवतें : घरांत शिरून झडती घेणारे गोरे सोजीर, उंबरठ्याबाहेर पडलेलें सामान, आणि अखेर रँडचा खून. रोग हटविण्याची इच्छा तेथेंहि होती. लोकांच्या मनांत शिरण्याची वाट मात्र कोणी शोधली नव्हती. इंदुरांतहि गल्लोगल्लीं हिंडणाऱ्या या दाढीवाल्या साहेबाकडे लोक भीतीनें बोट दाखवीत. हाच प्लेग आणतो, असा त्यांचा समज. गेडीसांनीं शिपाई मागितले नाहींत. त्यांनीं दिवाळीपुरता एका दिवसाचा राजाधिकार मागितला.

मिरवणूक नेहमींच्या मार्गानें जाणार नाहीं. ज्या आळींतील घरें अधिक स्वच्छ व डागडुजी केलेलीं असतील आणि जेथें झाडें लावलेलीं असतील तेथूनच ती जाईल, असें त्यांनीं जाहीर केलें. झालें! जो तो कामास लागला. गाड्या भरभरून केर शहराबाहेर गेला. मिरवणुकींत पुढें हत्ती, घोडेस्वार, पिकांची समृद्धि आणि लक्ष्मी. मागून राक्षस, अंधाऱ्या मोडक्या घरांचे देखावे, प्रचंड डांस, आणि अंगभर पिसवा वळवळणारा महाकाय उंदीर. त्यांच्या मागें शहराचे झाडूवाले, शुभ्र वेषांत, फुलांच्या माळा घालून. ज्यांची सावलीहि टाळली जाई त्यांस त्या दिवशीं मानाचें स्थान होतें. नंतर एक नवी देवता, इंदूरनगरी. तिच्या पताकेवर एका बाजूस तिचें नांव, दुसऱ्या बाजूस शहराचा नवा नकाशा! शेवटच्या गाड्यांतून फळें, फुलें आणि तुळशीचीं रोपें लोकांस वाटलीं गेलीं. तुळस असते तें अंगण झाडलेलें असतें, ही गोष्ट या परकीयानें आपल्यापेक्षां नीट पाहिली होती. रात्रीं राक्षसाचें व उंदराचें दहन झालें.

प्लेग ओसरला. तो मिरवणुकीनेंच ओसरला असें आम्ही म्हणणार नाहीं. या रोगाचा ऋतूहि असतो. परंतु ज्यास लोक भीत होते त्याच्याच सांगण्यावरून त्यांनीं घरें झाडलीं, हा फरक लहान नव्हे. त्याच वर्षीं गेडीसांचा वडील मुलगा युद्धांत पडला होता आणि पत्नीहि निवर्तली होती; अशा मनःस्थितींत त्यांनीं हा उत्सव उभा केला.

त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालीं निघाला. खान आणि सरस्वती या नद्यांचे कांठ वृक्षांनीं व उद्यानांनीं शोभावे, अशी त्यांत योजना होती. पुढें त्याच नद्यांत शहराचें सांडपाणी उतरलें. २०१७ पासून सलग कित्येक वर्षें इंदूर राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणांत पहिलें आलें, हें ऐकून गेडीसांस आनंद झाला असता. पण त्यांनीं आधीं नदीवर घेऊन चला, असें सांगितलें असतें, असें आम्हांस वाटतें.