बाघच्या खडकातील समुद्र आणि ग्रँड बेटाजवळचा कॅमेरा

धार जिल्ह्यातील बाघ हे गाव लेण्यांसाठी आणि कापडावरील ठशांच्या छपाईसाठी ओळखले जाते. आजच्या खंबातच्या आखातापासून ते दोनशे किलोमीटरहून अधिक आत आहे. तरीही तेथील ओढ्यांच्या काठी उघड्या पडलेल्या चुनखडकाकडे जवळून पाहिले, तर त्यात अमोनाइट, कालवे, सी अर्चिन आणि बारीक काटक्यांसारख्या ब्रायोझोआच्या फांद्या दिसतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून एक उथळ, उष्ण समुद्र आजच्या नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळावरचे हे रहिवासी. भूवैज्ञानिक या खडकांना ‘बाघ थर’ म्हणतात.

गोव्यात समुद्रातील लहान जीवांचे छायाचित्रण म्हटले की ग्रँड बेट आणि स्कूबा डायव्हिंग आठवते. धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला पवारांच्या संस्थानांमुळे, फार तर कुमार गंधर्वांच्या देवासमुळे परिचित असतात. या दोन गोष्टींचा संबंध वरवर पाहता लागत नाही. परंतु बोटाच्या पेरापेक्षा लहान सागरी जीव चित्रात पकडण्याची विद्या दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे, आणि तिचा मुख्य नियमही एकच आहे: जीव जेथे आहे तेथेच टिपायचा.

आधी पाण्यातील काम पाहू. पाणी प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी शोषून घेते. काही मीटर खाली गेल्यावर लाल प्रवाळ करडे दिसू लागते. त्यामुळे पाण्यातील छायाचित्रकार स्वतःचा प्रकाश सोबत नेतो आणि शक्य तितका जवळ जातो. कॅमेरा आणि विषय यांच्यामधील पाणी कमी झाले की रंगही वाचतो आणि गढूळपणाही. मांडवी आणि जुवारी यांनी आणलेला गाळ व पाण्यातील प्लवक यांमुळे गोव्याच्या किनाऱ्यालगत दृश्यमानता पुष्कळदा पाच-सात मीटरांच्या पुढे जात नाही. अशा पाण्यात बुडालेल्या जहाजाचे भव्य छायाचित्र घेण्याचा हट्ट बहुधा दुधाळ चित्रावर संपतो. दोन-तीन सेंटिमीटरच्या जीवासाठी मात्र तेच पाणी पुरेसे असते. लक्षद्वीपच्या निळ्या पाण्याशी तुलना करून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

त्यासाठी साधारणतः ६० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, जलरोधक कवचाला सपाट काच आणि बाजूला हातांसारख्या दांड्यांवर बसवलेले एक वा दोन फ्लॅश वापरतात. फ्लॅश लेन्सच्या शेजारीच असेल, तर पाण्यातील प्रत्येक कण उजळतो आणि चित्रावर पिठाचा सडा पडल्यासारखे दिसते. म्हणून प्रकाश तिरका, बाजूने सोडायचा. छिद्र एफ १६ किंवा एफ २२ इतके लहान ठेवले, तरी स्पष्ट दिसणारा पट्टा काही मिलिमीटरांचाच असतो. न्युडिब्रँक, म्हणजे कवच गमावलेली रंगीत सागरी गोगलगाय, टिपताना तिच्या डोक्यावरील शिंगांसारख्या दोन गंधेंद्रियांवर नेम धरतात. ती अस्पष्ट राहिली तर चित्र वाया गेले असे समजावे. सगळ्यात अवघड साधन मात्र स्वतःचे शरीर. श्वासावर तोल सांभाळून, तळाला न टेकता, पायातील पंखांनी वाळू न उडवता स्थिर तरंगणे ज्याला जमत नाही, त्याच्या हाती महाग कॅमेरा देणे तळावरील जीवांना परवडत नाही.

आणि जीव सापडायचा कसा? यासाठी तो काय खातो हे ठाऊक असावे लागते. न्युडिब्रँकच्या अनेक जाती एखाद्याच प्रकारच्या अन्नावर जगतात. कोणी स्पंजावर, कोणी हायड्रॉइडवर, तर काही ब्रायोझोआवर. ब्रायोझोआ हे शेवाळासारखे दिसणारे, वसाहत करून राहणारे प्राणी. एकेक प्राणी सहसा एक मिलिमीटरहूनही लहान, पण हजारोंच्या वसाहतीने खडकावर जाळी, पापुद्रे वा झुडपे उभी राहतात. जाणकार पाणबुड्या आधी हे झुडूप शोधतो, मग त्यावरची गोगलगाय.

याच ब्रायोझोआंचे पूर्वज बाघच्या खडकात दगड होऊन राहिले आहेत. तेथील एका थराला जुन्या भूवैज्ञानिकांनी ‘कोरलाइन’, म्हणजे प्रवाळी चुनखडक असे नाव दिले होते. पुढे त्यातील फांद्या मुख्यतः प्रवाळांच्या नसून ब्रायोझोआंच्या असल्याचे मान्य झाले आणि ‘ब्रायोझोअन चुनखडक’ हे नाव रुळले. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात. फांदीवरची सूक्ष्म छिद्रे, ज्या प्रत्येकात एकेक प्राणी राहत होता, भिंगाखाली पाहिल्यावरच फरक कळतो. लहान जीवाकडे पुरेसे जवळून न पाहिल्यास काय होते, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

या थरांचा अभ्यास जुना आहे. बाघ परिसरातील सी अर्चिनांचे वर्णन पी. मार्टिन डंकन यांनी १८६५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केले. प्रमथनाथ बोस यांचा नर्मदेच्या खालच्या खोऱ्यावरील ग्रंथ १८८४ चा. त्यांनी पाहणी केलेला पट्टा निमावर ते कवांट असा होता. यातील निमावर, म्हणजे आजचे नेमावर, देवास जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर काठावर आहे. देवास शहर मात्र नंतरच्या लाव्ह्याच्या खडकावर वसलेले आहे. धारकडील बराचसा प्रदेशही त्याच लाव्ह्याखाली गाडला गेला. नद्या-ओढ्यांनी तो कापला, तेथेच खालचा समुद्र डोके वर काढतो. बाघची लेणीसुद्धा याच मालिकेतील तळाच्या वालुकाश्मात कोरलेली आहेत.

खडकातील ब्रायोझोआ टिपणाऱ्यालाही प्रकाश तिरकाच लागतो. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात चुनखडक सपाट, निर्जीव दिसतो. सकाळ-संध्याकाळच्या कललेल्या उन्हात तीच फांदी उठून येते. जीवाश्मांच्या शास्त्रीय चित्रांत प्रकाश डावीकडून वरून टाकण्याचा संकेत आहे, म्हणजे पाहणाऱ्याला खळगा आणि उंचवटा यांत गल्लत होत नाही. प्रयोगशाळेत नमुन्यावर नवसागराच्या वाफेचा पांढरा पातळ थर देतात, त्यामुळे रंगांचे डाग झाकले जाऊन केवळ आकार उरतो. उघड्यावर दगडावर थोडे साधे पाणी शिंपडले तरी काम भागते. शेजारी मोजपट्टी हवीच. नाणे ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण नाण्यांचे आकार बदलत राहतात. पट्टीचा सेंटिमीटर बदलत नाही.

येथे ‘जेथे आहे तेथेच’ हा नियम अधिक महत्त्वाचा ठरतो. खिशात घालून नेलेला सी अर्चिन शोकेसमध्ये शोभतो, पण तो कोणत्या थरातून, कोणाच्या सोबतीने, कोणत्या बाजूला कललेला निघाला हे एकदा हरवले की त्याची बहुतेक माहिती गेली. डायनोसोरच्या अंड्यांमुळे या भागाचा बोलबाला झाला, बाघजवळ राष्ट्रीय जीवाश्म उद्यानही झाले. २०२३ मध्ये नर्मदा खोऱ्यातील ९२ घरट्यांतील २५६ अंड्यांचा शोधनिबंध आला, तेव्हा देशभर बातम्या झळकल्या. समुद्राच्या बारक्या जीवांना तेवढे वलय नाही. शेतातून, रस्त्याच्या कामातून, हौशी संग्राहकाच्या पिशवीतून ते निघून जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. भूवारसा स्थळांच्या जतनासाठी केंद्राने कायद्याचा मसुदा जाहीर केला तो २०२२ च्या अखेरीस.

पाण्यातील लहान जीवांना कायद्याचे पाठबळ तुलनेने लवकर मिळाले. समुद्री घोडा २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ चे. छायाचित्रकारांची वर्तणूक मात्र कायद्याने सुधारत नाही. चांगल्या पार्श्वभूमीसाठी काडीने गोगलगाय उचलून दुसऱ्या खडकावर ठेवणे, समुद्री घोड्याला कॅमेऱ्याकडे वळवणे, असे प्रकार उष्ण कटिबंधातील प्रसिद्ध डाइव्ह स्थळांवर चालतात. तळावरील माशांवर फ्लॅशचा परिणाम तपासणारा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फ्लॅशच्या प्रकाशापेक्षा जीवाला हाताळणे अधिक त्रासदायक असल्याचे आढळले. खाद्य असलेल्या झुडपावरून उचललेली न्युडिब्रँक चित्रात सुंदर दिसेल, पण ते चित्र पाहणाऱ्याला ती काय खाते हे कधीच सांगणार नाही.

ग्रँड बेटाकडील डायव्हिंग जूनपासून पावसाळाभर बंद असते. त्याच महिन्यांत माळव्यात पाऊस चुनखडकावरची धूळ धुऊन काढतो आणि ओल्या दगडावर ब्रायोझोआच्या फांद्या वर्षभरात सर्वांत स्पष्ट दिसतात. इंदूरहून धारमार्गे बाघला रस्त्याने जाता येते. मॅक्रो लेन्स तीच चालते. जलरोधक कवच घरी ठेवावे आणि मोजपट्टी मात्र विसरू नये.