ब्रिन टर्फेल: कार्डिफच्या आधी आणि नंतर

१९८९ च्या कार्डिफ गायनस्पर्धेत मुख्य पारितोषिक सायबेरियाच्या दिमित्री ह्वोरोस्तोव्स्कीला मिळाले. तेवीस वर्षांच्या ब्रिन टर्फेलला गीतगायनाचे. या निकालावर रसिक अजून वाद घालतात. मला तो वाद फोल वाटतो. गीतगायनात आधी शब्द लागतो, आणि शब्दाची तालीम त्याला उत्तर वेल्समधल्या पँट ग्लास गावीच मिळाली होती. शेतकऱ्याचा मुलगा, मातृभाषा वेल्श; ऐस्तेद्वोद या काव्य-गायनाच्या स्पर्धांत तो लहानपणापासून गाई. लंडनचे गिल्डहॉल त्यानंतरचे. (मूळ आडनाव जोन्स, जवळपास त्याच नावाचा वेल्श बॅरिटोन आधीच असल्याने ते गळले.) १९९० मध्ये वेल्श नॅशनल ऑपेराने त्याला मोझार्टच्या ‘कोसी फान तुत्ते’त गुल्येल्मोची भूमिका दिली. १९९२ साली साल्झबर्गला तो ‘सालोमे’त कोरड्या हौदाच्या तळातून गाणारा प्रेषित योखानान झाला.