एकविसावा रकाना
घटनाक्रम : १९ जुलै २०२४

शुक्रवार, १९ जुलै २०२४ रोजी जगभरात विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. निमित्त ठरली क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक छोटीशी फाइल. मूळ दोष मात्र त्या फाइलच्या कितीतरी आधीचा. नोंदीच्या व्याख्येत रकाने २१, आणि त्यांत माहिती भरणाऱ्या कोडकडे फक्त २०. ही तफावत जवळजवळ पाच महिने कोणाच्याही नजरेस पडली नाही. खाली दिलेल्या घड्याळी वेळा भारतीय आहेत.

२८ फेब्रुवारी : १४२ दिवस आधी
कंपनीच्या ‘फाल्कन’ सेन्सरची, म्हणजे ग्राहकांच्या संगणकांवर चालणाऱ्या सुरक्षा प्रोग्रॅमची, ७.११ ही आवृत्ती बाहेर पडते. विंडोजमधले प्रोग्रॅम एकमेकांशी ‘नेम्ड पाइप’मधून बोलतात आणि हल्लेखोर याच वाटेचा गैरफायदा घेतात. तिच्यावर पहारा ठेवण्यासाठी या आवृत्तीत नोंदीचा एक नवा साचा आला आहे. साच्याची व्याख्या एका फाइलमध्ये आहे, तर प्रत्यक्ष माहिती पुरवणारा कोड सेन्सरमध्ये. कंपाइल करताना या दोन्हींतली संख्या ताडून पाहणारी तपासणीच नाही. बिल्ड बिनबोभाट पार पडते.

५ मार्च : १३६ दिवस आधी
साच्याची चाचणी होते आणि तो उत्तीर्ण होतो. त्याच दिवशी त्यावर आधारलेला पहिला नियम ग्राहकांच्या संगणकांवर पोहोचतो. काहीच बिघडत नाही, कारण नियमातल्या एकविसाव्या रकान्यात ‘वाइल्डकार्ड’ आहे, म्हणजे तिथे काहीही चालेल. जे काहीही चालते ते कोणी तपासायला जात नाही. गाडी वीस डब्यांची, तक्त्यावर डबे एकवीस, पण एकविसाव्या डब्याचे तिकीट अजून कोणी काढलेलेच नाही.

८ ते २४ एप्रिल
आणखी तीन नियम रवाना होतात. तिन्हींत एकविसावा रकाना तसाच मोकळा. सगळे सुरळीत चालते आणि साच्यावरचा विश्वास पक्का होतो.

१९ जुलै, सकाळी ९.३९ च्या आधी
दोन नवे नियम तयार आहेत. त्यांतल्या एकात पहिल्यांदाच एकविसाव्या रकान्यासाठी ठोस निकष घातला आहे. नियम तपासणारा प्रोग्रॅम तो पास करतो. त्याचाही भरवसा व्याख्येवरच, आणि व्याख्या सांगते की रकाने २१ आहेत.
सेन्सरची नवी आवृत्ती लगेच न घेता एक पाऊल मागे राहण्याची मुभा ग्राहकांना होती. ती नियमांच्या फाइलींना लागू नव्हती. या फाइली टप्प्याटप्प्याने सोडण्याची पद्धतही तेव्हा नव्हती.

सकाळी ९.३९
हे दोन नियम घेऊन ‘चॅनेल फाइल २९१’ सुटते. कंपनीचे मुख्यालय असलेल्या ऑस्टिनमध्ये गुरुवारची रात्र आहे, ११ वाजून ९ मिनिटे. सिडनीत शुक्रवारची भर दुपार, कचेऱ्या गजबजलेल्या.
विंडोजकडून नेम्ड पाइपबद्दलची पुढची सूचना येताच सेन्सर नवा नियम लावायला घेतो. एकविसावी किंमत हवी म्हणून तो यादीत हात घालतो. यादी विसावरच संपलेली आहे. तो यादीपलीकडची मेमरी वाचू पाहतो. साध्या प्रोग्रॅमने हे केले असते तर तो एकटाच बंद पडला असता. पण सेन्सर चालतो कर्नलमध्ये, आणि तिथे अशी चूक झाली की विंडोज स्वतःलाच थांबवते. पडदा निळा होतो. संगणक पुन्हा सुरू होतो, सुरू होतानाच सेन्सर जागा होतो, तीच फाइल वाचतो आणि पुन्हा निळा पडदा.

सकाळी १०.५७
७८ मिनिटांनी कंपनी ती फाइल मागे घेते. यानंतर चालू होणारे संगणक वाचतात. जे कोलमडले आहेत त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचवायची कशी? ती उतरवून घेण्याइतका वेळ ते बहुधा उभेच राहत नाहीत. मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्यांना या फाइलचा उपद्रव नाही.

दुपार
मुंबई, दिल्लीसह देशातल्या विमानतळांवर चेक-इनच्या रांगा लांबतात. इंडिगोचे कर्मचारी पेनाने बोर्डिंग पास लिहून देऊ लागतात. मुंबईतले दोन्ही शेअर बाजार मात्र नेहमीप्रमाणे चालू राहतात. ब्रिटनमध्ये स्काय न्यूजचे थेट प्रक्षेपण बंद पडते, डॉक्टरांच्या नोंदी उघडत नाहीत. अमेरिकेत मोठ्या विमान कंपन्या उड्डाणे रोखतात.

दुपारी ३.१५ च्या सुमारास
क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ जाहीर करतात की हा सायबर हल्ला नाही.

संध्याकाळपासून पुढे
मुख्य इलाज हाताने करायचा. संगणक सेफ मोडमध्ये चालू करायचा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल उडवायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली शोधायची. हे एकेका यंत्रापाशी जाऊन. क्लाउडवरच्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला असा की पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करा, १५ वेळाही करावे लागेल.

त्यानंतर
एकट्या डेल्टा एअरलाइन्सची सुमारे ७,००० उड्डाणे पुढच्या काही दिवसांत रद्द झाली. २५ जुलैला सेन्सरमध्ये यादीची मर्यादा ओलांडू न देणारी तपासणी आली. २९ जुलैपर्यंत सुमारे ९९ टक्के विंडोज सेन्सर पुन्हा जागेवर होते. ६ ऑगस्टला कंपनीने कारणमीमांसेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातला पहिलाच निष्कर्ष असा : साच्यातल्या रकान्यांची संख्या कंपाइल करताना पडताळली गेली नव्हती.
ती पडताळणी कंपनीने १९ जुलैलाच, म्हणजे दुर्घटनेच्याच दिवशी लिहिली आणि २७ जुलैला कामाला लावली. एका दिवसात लिहून होणारे काम फेब्रुवारीत झाले नाही, एवढाच या दुर्घटनेचा सारांश.

बँकेची खाती असोत, विमा असो की रेल्वेचे आरक्षण, नोंदींच्या व्याख्या सांभाळणारे अनेक हात पुण्या-मुंबईत आहेत. त्यांना इतकेच सांगणे : व्याख्येत रकाना वाढवलात, तर ती वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करा. संख्या जुळली नाही तर बिल्ड तिथेच अडली पाहिजे, इशारा देऊन पुढे जाता कामा नये. आणि चाचणीत एकदा तरी शेवटच्या रकान्यात खरी किंमत भरून बघा.