काचेतील पेशी आणि गालातील तोबरा

ठाण्याची खाडी ओलांडून नवी मुंबईत शिरले म्हणजे वाशीला ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ची वास्तू लागते, आणि पुढे खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगसंशोधन संस्था. या दोन्ही संस्थांच्या इतिहासात एक नाव समान आहे: डॉ. कमल रणदिवे.

पुण्याच्या समर्थांची ही मुलगी १९१७ साली जन्मली. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, ही त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. तिने सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून पदवी मिळवली आणि गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह केला. सीताफळापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास विचित्र वाटेल. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याची सवय दोन्हीकडे एकच.

मुंबईत टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. मुंबईतील मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केला होता. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी शस्त्रवैद्याने रुग्णाच्या गालातून किंवा जबड्यातून काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जाई, त्याचे पातळ काप निघत आणि रोगाचे नाव ठरे. मेलेला तुकडा काय झाले ते सांगतो. कसे होत गेले ते विचारायचे तर पेशी जिवंत हवी. ही विद्या शिकण्यासाठी कमलताई अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. नळ्या सावकाश फिरत्या ठेवून आतल्या पेशींना पोषकद्रव आणि हवा आळीपाळीने मिळावी, अशी युक्ती या गृहस्थांनी काढली होती. १९५१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या अर्बुदातील पेशी अखंड वाढत्या राहिल्या, आणि जगभर गेल्या. त्या स्त्रीला मात्र कोणी विचारले नव्हते.

परत आल्यावर कमलताईंनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. आपल्या देशातील ही पहिली. काम सांगायला सोपे, करायला चिकट. शरीराइतकी ऊब हवी, पोषकद्रव वेळच्या वेळी बदलायला हवा, आणि एक जंतू शिरला की साऱ्या श्रमांवर पाणी. ती पोषकद्रवेही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तयार केली. १९६६ ते १९७० या काळात संस्थेची धुराही त्यांच्याकडे होती. हीच संस्था परळहून २००२ साली खारघरला आली.

आज मूलपेशींचा जो बोलबाला आहे, तोही याच विद्येच्या आधारावर. दाताच्या गरात मूलपेशी असतात हे २००० साली दाखवले गेले, आणि कर्करोगात गेलेला जबडा पुन्हा घडवता येईल अशी आशा मुखशल्यविशारदांना वाटू लागली. आशा रास्त आहे. पण रक्ताच्या व तत्सम काही विकारांतील रोपण सोडले, तर मूलपेशींचे बाकी उपचार अजून संशोधनातच मोडतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१७ साली बजावले आहे. मुलांचे दुधाचे दात पेढीत ठेवायला निघालेल्या आईबापांनी ते वाचावे.

आणि जबडा नव्याने उभा करण्याआधीचा प्रश्न असा, की तो कापावा का लागतो? कमलताईंच्या कार्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथे आहे. तंबाखू घातक, हे खानोलकरांच्या पिढीला दिसत होते; सुपारीकडे मात्र बोट दाखवणे अवघड. आपल्याकडे लग्न ठरले की सुपारी फुटते, पूजेत गणपती म्हणून सुपारीच बसते. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालात दाणे साठवण्याची पिशवी असते. पानाचा तोबरा भरणाऱ्या माणसाशी याहून जवळचे साम्य कुठे मिळणार? कमलताई व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर आणि हॅमस्टरांवर तंबाखूची व सुपारीची वेगवेगळी परीक्षा केली. १९७६ व १९७९ सालच्या त्यांच्या निबंधांनी सुपारीवरचा संशय बळावला.

१९७३ साली त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह स्त्री-वैज्ञानिकांची संस्था काढली. तिचे पाळणाघर आणि नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आज वाशीत आहे; प्रयोगशाळेतील बाईचे मूल कोण सांभाळणार, हा प्रश्नही त्यांनी तितकाच गंभीर मानला होता. १९८२ साली पद्मभूषण मिळाले, ते कुष्ठरोगाच्या लसीवरील कामासाठी.

१९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने तंबाखूचे पान दोषी ठरवले, बिनतंबाखूच्या पानाबद्दल पुरावा अपुरा म्हटला. कमलताई २००१ च्या एप्रिलमध्ये वारल्या. नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवते, असा त्या संस्थेचा निर्णय २००४ साली छापून आला.